रक्ताची पिशवी दुधाच्या पेटीत

या अंकाच्या संपादकांनी मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितले, तेव्हा मी नकार दिला. त्यात पाहण्यासारखे काहीच नाही, असे कळवले. एक माणूस खुर्चीत बसलेला असतो, समोर पडदा असतो आणि त्या माणसाला काही उमगत नसते. हे दृश्य मी पस्तीस वर्षे जगलो. संपादक म्हणाले, "तेच लिहा." लिहितो.

वर्ध्यात आमचे एक छोटे कार्यालय होते. आजही आहे. कापसाचे जिनिंग कारखाने, खतांची दुकाने, दूध संघ, दवाखाने अशा गिऱ्हाइकांसाठी आम्ही संगणकाचे प्रोग्रॅम तयार करत असू. नवे प्रोग्रॅम तरुण मंडळी लिहीत. जुने बंद पडले की माझ्याकडे येत. बंद पडण्याची कारणे पुष्कळ असतात. मी इथे एकाच कारणाविषयी लिहिणार आहे, कारण त्याने मला सर्वांत जास्त वेळा मूर्ख ठरवले.

प्रोग्रॅम हा एकसंध नसतो. तो तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्याला एखाद्या गोष्टीचे नियम माहीत असतात. एकाला वजनाचे, दुसऱ्याला पावतीचे, तिसऱ्याला तारखेचे. या तुकड्याला आम्ही क्लास म्हणतो. असे शेकडो क्लास एकत्र बांधून एक पेटी करतात. तिला लायब्ररी म्हणतात. एकच पेटी अनेक प्रोग्रॅम सामाईक वापरतात. ही व्यवस्था उत्तम आहे. मात्र एखाद्या सकाळी प्रोग्रॅम सांगतो, "अमुक नावाचा क्लास मला सापडत नाही." तो कोणत्या पेटीत होता, हे मात्र सांगत नाही. ते शोधणे हे माझे काम.

बाहेरच्याला वाटेल, यात काय अवघड? पेटीवर नाव असेलच. नाव असते. आपल्याकडे लग्नात मिळालेल्या स्टीलच्या डब्यावरही नाव असते. डब्यावर कोरलेले असते आत्याबाईंचे नाव, आत असते आपले तिखट. नावावरून आतला जिन्नस ओळखणारा स्वयंपाकी फार दिवस टिकत नाही.

आमच्या कार्यालयात त्यात एका रिवाजाची भर होती. सर्व पेट्या एका सामाईक जागी ठेवल्या जात. ज्याला जे लागे, ते तो तिथे आणून टाकी. काढत मात्र कोणी नसे. कोणती पेटी कोणाच्या उपयोगाची आहे, हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे काढणे हे धाडस ठरे. रिवाज असा नव्हता की काढू नये. रिवाज असा होता की, काढणारा पहिला मी नसावा.

आष्टीचा एक खतविक्रेता आठवतो. त्याच्या बिलाच्या प्रोग्रॅमला एक क्लास सापडेना. फोनवर मी पेटीचे नाव सांगितले आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणालो. त्याला धीर नव्हता. त्याने ओळखीच्या साऱ्या दुकानदारांकडून त्या नावाची पेटी मागवली आणि सगळ्या एकाच जागी ओतल्या. मी पोहोचलो तेव्हा प्रोग्रॅम चालू होता आणि तो मिशीत हसत होता.

"सायेब, तुम्ही उगाच आले. झालं आमचं."

"कसे झाले?"

"सात आणल्या. म्हटलं, एक तरी लागन."

लागली होती. त्याच्या प्रत्येक बिलावर हिंगणघाटच्या एका जिनिंगचे नाव छापून येत होते. ते त्याने पाहिलेच नव्हते. गिऱ्हाइकांनी पाहिले होते. पण खत मिळाल्याशी त्यांना मतलब.

या प्रसंगात माझ्या धंद्याचा मुख्य नियम आहे. एकच क्लास दोन पेट्यांत असेल, तर संगणक चांगला कोणता हे पाहत नाही. जो आधी दिसेल तो घेतो. आधी कोणता दिसेल, हे पेट्या कोणत्या क्रमाने वाचल्या जातात त्यावर ठरते. तो क्रम एका संगणकावर एक असतो, दुसऱ्यावर दुसरा. का, याचे पूर्ण उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. अर्धे उत्तर सांगून मी अनेकांना गप्प केले आहे.

म्हणजे सापडत नाही हा लहान प्रश्न. दोनदा सापडतो हा मोठा.

हे मला निवृत्तीनंतर नीट कळले.

मी नाचणगावात राहतो. मागच्या वर्षी एका सकाळी नितीनचा फोन आला. नितीन म्हणजे माझ्या जागेवर आलेला अभियंता. हुशार आहे, टापटिपीचा आहे. आवाजात टापटीप नव्हती.

"सर, रक्तपेढीचा प्रोग्रॅम उठत नाहीये. क्लास सापडत नाही म्हणतो."

"कोणता?"

"पिशवी."

"काल चालू होता?"

"काल संध्याकाळपर्यंत. रात्री इन्व्हर्टरची बॅटरी बसली आणि सर्व्हर बंद पडला. सकाळी चालू केला, तर हे."

"मधल्या काळात कोणी काही काढले?"

"मागच्या आठवड्यात मी सामाईक जागा साफ केली, सर. दूध संघ बंद झाला ना. त्यांच्या पेट्या काढल्या. फक्त दुधाच्या."

"फेकल्या?"

"नाही, बाजूला ठेवल्यात."

एवढे एक वाक्य ऐकून मी चप्पल घातली. मागच्या आठवड्यात काढलेली पेटी आज का आठवावी, हे वाचकाला सांगायला हवे. प्रोग्रॅम एकदा उठला की लागणारे तुकडे तो स्मरणात घेऊन बसतो. नंतर पेटी काढली तरी त्याला कळत नाही. रक्तपेढीचा सर्व्हर कधीच बंद होत नसे. बॅटरी बसली, तो झोपला, उठला आणि मग त्याला घर रिकामे दिसले.

दवाखान्यातल्या रक्तपेढीत कुंदाताई होत्या. त्या तिथल्या तंत्रज्ञ, अनुभवी बाई. त्यांनी मला नमस्कारही केला नाही. बाकावर एक गृहस्थ बसले होते, हातात थर्मासची पेटी धरून. कुंदाताई म्हणाल्या, "हे देवाजी. गिरडचे. यांची मुलगी आचल वर वॉर्डात आहे. सिकलसेल."

सिकलसेल म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात सांगावे लागत नाही. दूरच्या वाचकांसाठी सांगतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि तुटतात. अशा माणसाला वारंवार रक्त द्यावे लागते. वारंवार बाहेरचे रक्त घेतले की काहींचे शरीर त्यातल्या एखाद्या घटकाविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. पुढे तो घटक नसलेलेच रक्त त्यांना चालते.

"मग आज तपासून घ्या," मी म्हणालो.

"तपासलं. आज काही दिसत नाही." कुंदाताईंनी नळी ठेवली. "पण काही महिन्यांनी प्रतिपिंडं उतरतात, सर. नळीत दिसत नाहीत आणि शरीर विसरत नाही. चुकीचं रक्त गेलं तर लगेच काही होत नाही. चारसहा दिवसांनी होतं, पेशंट घरी गेल्यावर. दिलेलंही तुटतं आणि कधीकधी स्वतःचंही. म्हणून मागची नोंद पाहिल्याशिवाय मी पिशवी देत नसते. नोंद तुमच्या डब्यात आहे."

"नागपूरला नमुना पाठवला तर?"

"जे उतरलं ते तिथंही दिसेलच असं नाही. आणि उत्तर यायला उद्या उजाडेल. पोरीला धाप लागली आहे. डॉक्टर दोनदा विचारून गेल्या."

मी संगणकापुढे बसलो. कार्यालयातली सामाईक जागा तिथूनही उघडता येई.

'पिशवी' हा क्लास रक्ताच्या पेटीत असेल, असे कोणालाही वाटेल. नितीनलाही वाटले होते. रक्ताच्या नावाच्या तीन पेट्या होत्या. एकीतही नव्हता. आमच्या पेट्या उघडायला काही अवघड नसतात. गाठोडे सोडावे तसे सोडायचे आणि आतली यादी वाचायची. सर्व पेट्यांच्या याद्या एका आज्ञेत वाचून घेता येतात. मी ती आज्ञा दिली. सामाईक जागेतील एकाही पेटीत 'पिशवी' नव्हती. मग नितीनने बाजूला ठेवलेल्या पेट्यांवर तीच आज्ञा चालवली. लगेच सापडली. पेटीचे नाव 'दूध'.

तेव्हा मला उलगडा झाला. दूध संघाचा प्रोग्रॅम दिगंबरने लिहिला होता. तो आमचा जुना सहकारी. पुण्याला गेला, तिथून परदेशी, आता त्याचा क्रमांक लागत नाही. दुधाच्या पिशवीला क्रमांक असतो, भरल्याची तारीख असते, बाद होण्याची तारीख असते. पुढे रक्तपेढीचे काम आले. रक्ताच्या पिशवीलाही क्रमांक असतो, भरल्याची तारीख असते, बाद होण्याची तारीख असते. दिगंबरने नवे काही लिहिले नाही. रक्तपेढीच्या प्रोग्रॅमला सांगितले, पिशवी तिकडून घे. आणि कोणत्या पिशव्या कोणाला दिल्या, ही रुग्णाची नोंदही त्याच क्लासच्या साच्यात बांधून ठेवली. साचा नसेल तर नोंद उघडत नाही.

दूधवाली पेटी मी जागेवर ठेवली. प्रोग्रॅम उठला.

फोनवर नितीन म्हणाला, "थँक गॉड." कुंदाताई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी आचलची नोंद उघडली. नाव, गाव, रक्तगट, मागच्या खेपा, सर्व ओळीने आले. शेवटी प्रतिपिंडांचा रकाना होता. तो कोरा होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "चला, सुटलो." त्यांनी शीतपेटीतून निवडून ठेवलेल्या दोन पिशव्या बाहेर काढल्या.

देवाजी बाकावरून उठले. ते गिरडला टेकडीच्या पायथ्याशी मोटारसायकली दुरुस्त करतात. बोटांच्या रेषांत ऑइल होते.

"बरं झालं ताई, या टायमाले लवकर झालं. मांगच्या टायमाले तं दोन पिशव्या वापस केल्या होत्या."

मी विचारले, "वापस? का?"

"आता काऊन ते मले काय मालूम, साहेब. तिथं तवा दुसरे साहेब होते. ते म्हणे, हे जमत नाई, दुसऱ्या पाहाव्या लागन. मंग दोन घंटे बसलो."

"कुंदाताई, थांबा."

"सर?"

"मागच्या खेपेला पिशव्या नाकारल्या होत्या. कारण असल्याशिवाय नाकारत नाहीत. कारण असेल तर ते इथे भरले गेले असले पाहिजे. आणि इथे कोरे आहे."

"मी तेव्हा रजेवर होते." त्यांनी पिशव्या हातातच धरल्या होत्या. "पण कोरं म्हणजे काही नाही. तुमच्याच माणसानं शिकवलं आम्हाला."

"कोरे म्हणजे काही नाही, असे असू शकते. कोरे म्हणजे या पेटीला ते वाचता येत नाही, असेही असू शकते."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी वेळ काढतो आहे अशी मलाच शंका आली. त्यांनी त्या वेळच्या तंत्रज्ञांना फोन लावला. ते आता चंद्रपूरला असतात. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "ताई, रोज दोनचार पिशव्या वापस होतात. कोणाची काय, कसं ध्यानात राहीन? काँप्युटरात टाकलं असन मी."

टाकले होते, की नव्हते? मी आचलची नोंद साच्याशिवाय, कच्च्या स्वरूपात उघडली. कच्ची नोंद माणसाने वाचण्याजोगी नसते. चिन्हांचा चिखल असतो. त्या चिखलात मला एक शब्द दिसला, 'प्रतिपिंड', आणि त्याच्याजवळ एक आकडा. आकडा म्हणजे कोणते प्रतिपिंड, हे क्लासलाच ठाऊक. आणि माझ्यासमोर असलेल्या 'पिशवी' क्लासला हा रकानाच ठाऊक नव्हता. ज्याची ओळख नाही, ते त्याने मुकाट्याने वगळले होते. तक्रार केली असती तर बरे झाले असते. तो गप्प राहिला आणि पडद्याने कोरी जागा दाखवली.

म्हणजे 'पिशवी' दोन होत्या. एक जुनी, दुधाची. दुसरी कोणीतरी नंतर सुधारलेली. बॅटरी बसेपर्यंत प्रोग्रॅम दुसरी वापरत होता. ती कुठे होती?

मी कुंदाताईंना म्हणालो, "पिशव्या परत आत ठेवा."

"डॉक्टर आल्या तर काय सांगू?"

"नोंद आहे, वाचता येत नाही, असे सांगा. नोंद नाही, असे सांगू नका."

त्यांनी पिशव्या आत ठेवल्या. झाकण जरा जोरात लावले.

त्यानंतरचा काळ मला नीट सांगता येणार नाही. मी पुन्हा सर्व याद्या वाचल्या. पुन्हा एकच 'पिशवी'. नितीनच्या संगणकावर पाहिले. एकच. जी वस्तू काल होती, जिचा ठसा समोरच्या नोंदीत आहे, ती कुठेही नाही. मला क्षणभर असेही वाटले की, तो शब्द मी चिखलात पाहिलाच नसेल. पुन्हा पाहिला. होता.

देवाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. मला मागे कोणी उभे राहिलेले चालत नाही. तरी मी याद्या वाचत राहिलो.

"साहेब, काय पाहून राह्यले तुम्ही?"

"एक भाग हरवला आहे. सर्व डबे पाहिले. नाही."

"डब्यात डबा नाई ना?"

"काय?"

"नाई, आमच्याकडं कसं राह्यते, कार्बोरेटरचा डबा राह्यते, अन् त्याच्यात पुडी, अन् पुडीत ते जेट. यादीत लिहेल राह्यते फक्त कार्बोरेटर."

मी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. पाहायला हवे होते.

पेटीत पेटी ठेवता येते. क्वचित ठेवतात. ठेवली, तर बाहेरच्या यादीत आतल्या पेटीचे फक्त नाव येते, तिच्यातले काही येत नाही. हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि आठवणे यांत अंतर असते, आणि वयाबरोबर ते वाढते. नितीनने बाजूला ठेवलेल्यांत 'दूध-वितरण' नावाची एक जाडजूड पेटी होती. तिच्यात आणखी एक पेटी होती. मी आतली बाहेर काढली, तिचे गाठोडे सोडले. 'पिशवी'. रकान्यासह.

जुनी 'दूध' पेटी काढून 'दूध-वितरण' आतल्या पेटीसह जागेवर ठेवली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उठवला. आचलची नोंद. शेवटचा रकाना. तिथे लिहिले होते: अँटी-ई. म्हणजे रक्तातल्या 'ई' या घटकाविरुद्धचे प्रतिपिंड.

कुंदाताईंनी निवडून ठेवलेल्या दोन पिशव्यांची त्या घटकासाठी तपासणी केली. एकीत तो निघाला. ती त्यांनी वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि दुसरी शोधायला घेतली. दोन योग्य पिशव्या थर्मासच्या पेटीत बंद करून देवाजींच्या हाती देताना त्या एवढेच म्हणाल्या, "जा, भाऊ. सावकाश जा, हलवू नका."

मी घरी आलो. जेवलो. चारसहा दिवसांनी होते, हे कुंदाताईंचे वाक्य डोक्यात राहिले.

दरम्यान नितीनने आणि मी ती दुसरी 'पिशवी' कोणी लिहिली, हे शोधण्याचा प्रयत्न केला. ती दूध संघाच्या वितरणात का बांधली होती, हेही कळेना. रक्ताचा प्रोग्रॅम तिथपर्यंत कसा पोहोचत होता, ते कळले. तसे का केले, ते नाही. लिहिणाऱ्याने नाव घातले नव्हते. दिगंबर तेव्हा गेलेला होता. नितीन आलेला नव्हता. मांडणी पाहून नितीन म्हणाला, "सर, ही पद्धत तुमची वाटते." मलाही वाटली. मला आठवत नाही. मी लिहिली असेल तर मला तिचा अभिमान वाटायला हवा; आणि ती तिथे ठेवली असेल तर लाज. दोन्ही अर्धेअर्धे घेऊन बसलो आहे.

पुढच्या आठवड्यात आचलला तपासणीसाठी बोलावले होते. त्या दिवशी मी रक्तपेढीत गेलो. मला तिकडे दुसरे काम आहे, असे सांगितले. नव्हते.

देवाजींनी दुरूनच हात जोडले. "जय भीम, साहेब." सोबत मुलगी होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारीक, डोळ्यांत पिवळसर झाक, पण पायऱ्या चढून आली होती आणि बोलताना थांबत नव्हती. कुंदाताईंनी तपासणीचा कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. रक्त टिकले होते.

"हेच ते साहेब," देवाजी मुलीला म्हणाले. "तुही नोंद यायनंच शोधली."

तिने मला विचारले, "कुठं सापडली?"

"दुधाच्या पेटीत. त्या पेटीत आणखी एक पेटी होती, तिच्यात."

"माझं रक्त? दुधात?"

"हो."

"काऊन?"

"मला माहीत नाही."

ती हसली. बापाला म्हणाली, "बाबा, तुमच्या दुकानापेक्षा यायचं बेकार आहे." देवाजी तिला गप्प करू लागले. मी म्हणालो, बरोबर आहे.

"मंग आता नाव बदलवलं का पेटीचं? रक्त म्हणून ठेवा ना सरळ."

"नाही बदलले. प्रोग्रॅम तिला जुन्या नावाने, जुन्या जागी शोधतो. आणखी कोण कोण शोधते, ते मला ठाऊक नाही. बदलले तर कुठे काय थांबेल, सांगता येत नाही."

तिने बोटांवर महिने मोजले.

"मले तं दर काही महिन्यांनी यावंच लागते. पुढच्या टायमाले पुन्हा हरवली तं?"

"मला आता जागा माहीत आहे."

"अन् तुम्ही नसान तं?"

"आचल!" देवाजी म्हणाले.

तिचा प्रश्न उद्धट नव्हता. नितीनला सांगून ठेवले आहे, पण नितीनही कधीतरी पुण्याला जाईल. संपादकांना होकार दिला तो या कारणाने. हा अंक वर्ध्यातल्या पुष्कळ घरांत राहतो, आणि आमच्या धंद्यातली माणसे कार्यालयातली टिपणे वाचत नाहीत. दिवाळी अंक मात्र वाचतात.

तेव्हा पुढे जो कोणी त्या खुर्चीत बसेल, त्याच्यासाठी लिहितो. रक्ताची पिशवी दुधाच्या वितरणाच्या पेटीत आहे. वरच्या यादीत दिसणार नाही; आत आणखी एक पेटी आहे, ती उघडावी. नुसत्या दूध नावाच्या पेटीतही एक पिशवी आहे. ती चालते, पण ती खरी नव्हे. पडद्यावर जागा कोरी दिसली तर पिशवी देऊ देऊ नये.

आणि दूध संघ बंद झाला आहे, तरी ती पेटी काढू नये.